नमुना

तिसरं घर. बाहेर उणे एकतीस.
पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीच्या नाकातून एक वायर
खांबावरच्या सॉकेटमध्ये, इंजिन गोठू नये म्हणून.
मीही आमची लावते. ओरेस्टमामा म्हणतो, "घट्ट बसव."
हे तो विसरलेला नाही.

माझ्याजवळ यादी आहे, दोन पानी.
दारातून आत शिरताच वास कसला येतो?
लिहिते: फिनेल, उकडलेला कोबी,
आणि त्यांच्याखाली तो तिसरा.
बेल वाजल्यावर किती वेळात कुणी येतं?
कॉरिडॉरच्या टोकाला एका खोलीवर लाल दिवा लागलाय.
मी घड्याळ बघते, मॅनेजरबाई मला बघतात.
सातव्या मिनिटाला म्हणतात, "आज दोघी रजेवर आहेत."
श्रीमती फ्रीसेन. स्वेटरवर लोकरीचा पक्षी.
त्या पेशंट म्हणत नाहीत, रहिवासी म्हणतात.
कुलूप म्हणत नाहीत, कोड म्हणतात.
कोड दारावरच लिहिलाय, उलट्या क्रमाने.
ज्याला उलटं वाचता येतं
तो घरी जाऊ शकतो.

मामा कोट काढायला तयार नाही.
एकेचाळीस वर्षं सस्काचेवानच्या कोठारा-कोठारांतून
तो गव्हाची प्रत ठरवत हिंडला.
डबा, चाळणी, भिंग,
आणि भिंगाहून खात्रीचे त्याचे दात.
दाणा चावून ओलावा सांगायचा.
शेतकरी भांडायचे, दोन-दोन भाषांत शिव्या घालायचे,
त्याने आकडा बदलला नाही.
ज्या वर्षी ऑगस्टातच दहिवर गोठलं
त्या वर्षी माझ्या वडिलांच्या गव्हावरही
त्याने गुरांच्या चाऱ्याचा शिक्का मारला.
आई दोन ईस्टर त्याच्याशी बोलली नव्हती.

शितावरून भाताची परीक्षा, म्हणतात.
पण हे शीत मला दाखवलंय मंगळवारी, सकाळी अकराला,
ठरवून, धुऊन, पुसून.
पहाटे तीनचं शीत कुणी दाखवत नाही.
रात्री किती माणसं असतात? मी विचारते.
बावीस जणांमागे एक.
लिहिते. बावीसचा आकडा दोनदा गिरवला जातो.

जेवणाच्या खोलीत बार्लीचं सूप.
मामानं चमच्यातून एकच दाणा काढला,
टेबलक्लॉथवर ठेवला, नखाने उभा चिरला,
अर्धा दाताखाली धरला.
सगळं टेबल थांबलं. एक म्हातारी तर आ वासूनच.
"थंडी लागलीय," मामा म्हणाला, "पण कुजलेली नाही. तीन नंबर."
मला वाटलं, आता कुणीतरी हसेल,
किंवा "छान छान, आजोबा" म्हणेल, जे त्याहून वाईट.
सूप वाढणारी लुझविमिंदा, मनिलाकडची,
तिने खिशातून पेन काढलं,
पेपर नॅपकिनवर ३ लिहिला
आणि नॅपकिन त्याच्यापुढे सरकवला. "सही लागेल ना?"
मामानं सही केली.
पूर्ण. आडनावाच्या शेपटीसकट.
गेल्या महिन्यात बँकेत त्याला पहिलं अक्षर सापडलं नव्हतं.

मग मी विचारलं, हिची ड्युटी कधी असते?
श्रीमती फ्रीसेन म्हणाल्या, "ती मार्चमध्ये चाललीय, कॅलगरीला."

गाडीत मामा बराच वेळ हातमोज्यांकडे बघत बसला.
"कुणाला ठेवायचंय तिथे?"
अजून ठरलं नाही.
"बाई की पुरुष?"
पुरुष.
"मग उत्तरेची खोली नको. वारा तिकडूनच येतो.
आणि त्याला आधी सांगून ठेव.
ऐनवेळी नको."
हो, म्हटलं, आणि गिअर टाकला.
पुढे काहीतरी ताणलं, तट्कन तुटलं.
वायर काढायची राहून गेली होती.
साठ किलोमीटर ती बंपरखाली बर्फावर आपटत आली
आणि मामा दर थोड्या वेळाने विचारत राहिला,
कसला गं आवाज?